खार, फट आणि फळ

दिवाळीआधी साफसफाई निघते, पडद्याच्या दांडीवरची लाकडी पेटी, म्हणजे पेल्मेट, खाली उतरवली जाते आणि तिच्यामागून एक भुसभुशीत गोळा स्टुलावर पडतो. उलगडून पाहावा तर घरातल्या हरवलेल्या वस्तूंचा पत्ता लागतो. गादीतला कापूस, पायपुसण्याचा काथ्या, सुतळी, केरसुणीच्या काड्या, देवघरातल्या वाती, कुणाच्या तरी लोकरी टोपीचा गोंडा. घरटं रिकामं असेल तर ते केरात जातं आणि विषय संपतो. आत बोटाएवढी, केस न फुटलेली, डोळे मिटलेली दोन-तीन पिल्लं असली की सगळं घर स्टुलाभोवती जमतं. आजी म्हणते हात लावू नका, सून विचारते पडदे कधी लावायचे, आणि मुलं बुटांचा खोका रिकामा करून आणतात.

तक्रारी घरोघरी वेगळ्या. शहरात एसीच्या नळीवरचं काळं आवरण कुरतडलेलं सापडतं, इंटरनेटची केबल तुटते, गच्चीतल्या कुंडीतला टोमॅटो ज्या सकाळी लाल होतो त्याच सकाळी अर्धा खाल्लेला मिळतो. गावाकडं परसातला पेरू, सीताफळ, चिकू. बागायतदाराकडं डाळिंब आणि ठिबकच्या नळ्या. तळकोकणात आणि गोव्यात जिला चानी म्हणतात तिच्या नावानं नारळ-सुपारीच्या बागांत आणखी काही बोललं जातं. या सगळ्यांवर बाजारात एकच उत्तर विकलं जातं, ते म्हणजे खार घालवण्याचं. पण पेल्मेटमागं आलेल्या खारीला आडोसा हवा असतो, टोमॅटोवर आलेलीला पिकलेला गर हवा असतो आणि ठिबकच्या नळीवर बसलेलीला पाणी. तिला काय हवं होतं हे न पाहता केलेला उपाय आठवडाभरही टिकत नाही, हा असंख्य घरांचा अनुभव आहे.

महाराष्ट्रात घराभोवती दिसणाऱ्या खारी मुख्यतः दोन. पाठीवर तीन पांढुरके पट्टे असलेली त्रिरेषी खार दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत पसरलेली; पाच पट्ट्यांची पंचरेषी उत्तरेकडची, कोरड्या मुलखात रमणारी. महाराष्ट्र या दोघींच्या सीमेवर पडतो, म्हणून इथं दोन्ही भेटतात. सह्याद्रीच्या ओल्या उतारांवर आणि कोकणातल्या बागांत त्यांची तिसरी बहीण, गडद रंगाची जंगली पट्टेरी खार, असते. वाढलेली त्रिरेषी खार भरते जेमतेम १०० ग्रॅम. चहाच्या कपात मावेल एवढ्या या जिवाला माणसाच्या घराची सवय इतकी जुनी आहे की भर जंगलापेक्षा देवळाचं आवार, रेल्वे स्थानक आणि वाड्याची कौलं इथंच ती जास्त दिसते.

तिच्या पाठीवरचे पट्टे रामाच्या बोटांचे, ही कथा मराठी घरात मुलाला खार ओळखता येण्याआधीच सांगून झालेली असते. वाल्मीकी रामायणात ती नाही. लोकांनीच ती घडवली आणि जपली. सेतू बांधताना वाळूत लोळून अंग झटकणाऱ्या या प्राण्यानं मराठीला ‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग दिला. या कथेचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. उंदराला सापळा लावताना ज्या घरात कुणी चकार शब्द काढत नाही, त्याच घरात खारीवर हात उगारला जात नाही. ही माया खरी आहे आणि ती जपण्यासारखी आहे. मात्र तिच्यामुळं बरेच जण काहीच करत नाहीत, आणि नुकसान वाढत गेलं की एके दिवशी वैतागून उंदराचं औषध टाकतात. म्हणून मधला मार्ग नीट माहीत असणं गरजेचं आहे.

उपाय ठरवण्याआधी खारीबद्दल तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली, ती कृंतक आहे. तिचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. दातांच्या फक्त पुढच्या बाजूला टणक कवच असतं, मागचा मऊ भाग आधी झिजतो आणि दाताला पटाशीसारखी धार येते. कुरतडणं ही तिची खोड नाही, शरीराची गरज आहे. कुरतडायला मिळालं नाही तर वाढलेल्या दातांनी तिला खाता येणार नाही. दुसरी, ती दिवसाची आहे. उजाडल्यावर बाहेर पडते, उन्हाळ्यात दुपारी सावलीला थांबते, दिवेलागणीआधी घरट्यात परतते. तेव्हा माळ्यावर रात्री दोन वाजता खडखड होत असेल तर ती खार नव्हे, तो उंदीर. रात्रीच्या उंदराचं बिल दिवसा दिसणाऱ्या खारीच्या नावावर फाडलं जातं, असं फार वेळा घडतं.

तिसरी गोष्ट वेळेची. त्रिरेषी खारीचा गर्भकाळ सुमारे ३४ दिवसांचा, पंचरेषीचा ४० दिवसांच्या आसपास. एका विणीत साधारण दोन-तीन पिल्लं. त्रिरेषीची पिल्लं आईचं दूध पूर्ण सोडायला जवळपास १० आठवडे घेतात. मादी वर्षातून एकाहून जास्त वेळा विते. याचा अर्थ असा की घरातल्या एखाद्या फटीत खारीची ये-जा सुरू झालेली दिसली तर पहिले काही दिवस फार मोलाचे. तोंडात कापूस किंवा काथ्या घेऊन ती जाताना दिसते, तेव्हा घरटं नुकतं बांधलं जात असतं. त्याच वेळी सामान काढून फट बुजवली तर ती दुसरी जागा शोधते आणि कुणाचंच काही बिघडत नाही. महिन्याभरानं जाग आली तर आत पिल्लं असण्याची शक्यता धरून चालावं लागतं.

पिल्लं आत असताना फट बंद करणं ही सगळ्यात वाईट चूक. ते क्रूर तर आहेच, शिवाय महागातही पडतं. आई बाहेर अडकली तर ती पिल्लांपर्यंत पोचण्यासाठी शेजारची चौकट, जाळी, फोम, जे मिळेल ते कुरतडते. ती पोचू शकली नाही तर पिल्लं आत मरतात, आणि तो वास भिंतीतून आठवडे जात नाही. काही आठवडे कळ काढावी, पिल्लं बाहेर हिंडू लागली की भर दुपारी, सगळी बाहेर असताना, जागा रिकामी करून बंद करावी. शंका असेल तर फटीत वर्तमानपत्राचा बोळा सैल खोचून ठेवावा. दोन दिवस तो जागचा हलला नाही तर आत कुणी नाही.

बंद कशानं करायचं, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. एसीच्या नळ्या भिंतीतून जातात तिथं बसवणारा माणूस बहुतेक वेळा फोम किंवा पांढरी लांबी भरून निघून जातो. फोम खारीला घरट्याच्या सामानासारखाच. खिडकीची नायलॉनची मच्छरजाळी, कबुतरांसाठी बाल्कनीला लावलेली नायलॉनची जाळी या दोन्ही तिच्या दातांपुढं टिकत नाहीत. टिकतं ते धातूचं आणि सिमेंटचं. भोकात भांडी घासायची तारेची घासणी घट्ट कोंबून वरून सिमेंट लिंपावं. एक्झॉस्ट फॅनच्या बाहेरच्या तोंडाला, पोटमाळ्याच्या झरोक्याला, टाकीच्या ओव्हरफ्लोच्या नळीला अर्धा इंची गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी बसवावी. मच्छरजाळीच लावायची तर स्टेनलेस स्टीलची. कौलारू घरात कौल आणि वाशाच्या मधल्या फटी मोजायला बसलं तर दिवस पुरणार नाही. तिथं खार जिथून जाते तेवढ्याच जागा दोन दिवस बघून हेराव्यात आणि त्याच बुजवाव्यात.

दुकानदारांना शटरची गुंडाळी माहीत असते. मे महिन्यात चार दिवस दुकान बंद ठेवून गावाला जाऊन आलं की शटरच्या ड्रममध्ये घरटं तयार असतं आणि शटर वर करताना काय होईल या विचारानं हात थबकतो. तसंच मीटरच्या पेटीचं. तिथं मात्र मायेपेक्षा काळजी मोठी ठेवावी लागते, कारण सोललेली वायर आणि सुका कापूस एकत्र असणं म्हणजे आगीला आमंत्रण. मीटरच्या पेटीतलं घरटं घरच्यांनी कधीच हाताळू नये. आधी वीजपुरवठा बंद, मग वायरमन. एका खारीच्या दातांनी काय होऊ शकतं याचं जगप्रसिद्ध उदाहरण डिसेंबर १९८७ मधलं आहे. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ट्रंबुल इथं एका खारीमुळं वीजपुरवठा बिघडला आणि नॅसडॅक शेअरबाजाराचे व्यवहार तासाभराहून जास्त वेळ ठप्प झाले. १९९४ मध्ये दुसऱ्या एका खारीनं तेच पुन्हा घडवलं.

आता वास, आवाज आणि बुजगावण्यांविषयी. माळ्यावर डांबरगोळ्या टाकण्याची पद्धत आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहे. मोकळ्या हवेत त्यांचा वास खारीला थोपवण्याइतका राहत नाही, आणि बंद खोलीत राहिला तर तो माणसालाच बाधतो. नॅफ्थलीनमुळं काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांना हा धोका विशेष असतो. तान्हं मूल असलेल्या घरात खारीसाठी डांबरगोळ्या पसरणं हा सौदा अजिबात परवडणारा नाही. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून प्राणी पळवणारी, प्लगमध्ये खोचायची यंत्रं ऑनलाइन भरपूर विकली जातात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्ये अशा यंत्रांच्या ६०हून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना ताकीद दिली होती की दाव्यांना शास्त्रीय आधार असल्याशिवाय ते करू नयेत. रबरी साप, चकाकणाऱ्या सीडी, प्लॅस्टिकचं घुबड यांचा परिणाम दोन-तीन दिवस दिसतो. रोज जागा बदलली तर आणखी थोडे दिवस. खार हुशार आहे. जे हलत नाही आणि चावत नाही त्याच्या डोक्यावर बसून ती शेंगदाणा खाते.

तिखटाचा उपाय मात्र वेगळा, कारण त्यामागं खरं शरीरशास्त्र आहे. मिरचीतला कॅप्सेसिन हा पदार्थ सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला चिकटतो, तो ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पक्ष्यांमधला हाच ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही. म्हणून चिमण्या-बुलबुलांसाठी ठेवलेल्या दाण्यांना लाल तिखट चोळलं तर पक्षी निवांत खातात आणि खार तोंड फिरवते. रानात पोपट मिरच्या खातो तो याच कारणानं. अडचण एवढीच की पाऊस किंवा नळीचं पाणी पडलं की तिखट धुऊन जातं. सुकं तिखट हवेत उधळू नये; ते खारीच्या आणि घरातल्या मुलांच्या डोळ्यांत जाण्याची भीती असते. दाण्यांना तेलाचा हात लावून मग तिखट चोळणं बरं.

गच्चीतल्या आणि बाल्कनीतल्या बागेत खरा खेळ वेळेचा आहे. खार येते ती फळ मऊ पडून त्याचा वास सुटला की. कच्च्या टोमॅटोकडं ती सहसा वळत नाही. टोमॅटोला बुडाशी गुलाबी छटा आली की तो तोडून घरात टोपलीत ठेवला तरी दोन-चार दिवसांत लाल होतो, चवीत फारसा फरक पडत नाही. पेरू, पपई, चिकू, आंबा, केळी, सीताफळ ही सगळी फळं झाडावरून उतरवल्यावर पिकतात. आंब्याची अढी घालणाऱ्या कोकणाला हे नव्यानं सांगायची गरज नाही. सीताफळाचे डोळे उघडले, चिकूच्या सालीवरचा भुसा गळला की फळ तयार झालं, असं समजून ते उतरवावं. ‘झाडावर पिकलेलं खाऊ’ हा हट्ट धरला तर ते फळ खारीचं, वटवाघळाचं आणि पोपटाचंही असतं.

डाळिंब आणि द्राक्ष मात्र तोडल्यावर पिकत नाहीत. ती झाडावरच तयार व्हावी लागतात. तिथं झाकणं आलं. परसातल्या डाळिंबाच्या एखाद्या झाडाला जुन्या साडीच्या किंवा मलमलीच्या पिशव्या शिवून प्रत्येक फळाला बांधणं हे काम दिसतं कंटाळवाणं, पण एका रविवारी उरकतं. पेरूचे बागायतदार फळाला आधी फोमची जाळी चढवतात आणि वरून पिशवी बांधतात. त्यांचा मुख्य हेतू फळमाशी आणि डाग टाळण्याचा, पण खार आणि पोपटही त्यामुळं अडतात. सोलापूर भागात डाळिंबावर पसरलेली पांढरी क्रॉप कव्हरं रस्त्यावरूनच दिसतात. संपूर्ण झाडावर पक्ष्यांची नायलॉन जाळी टाकण्याचा मोह टाळलेला बरा. सैल जाळीत पक्षी, धामण आणि खारीचं पिल्लू अडकून तडफडत राहतं, आणि सकाळी कात्री घेऊन धावणाऱ्या घरमालकाला ते दृश्य बरेच दिवस विसरता येत नाही.

पेरलेल्या बियांची गोष्ट सोपी. भुईमूग, सूर्यफूल, भोपळा खार उकरून काढते. रोप चार पानांचं होईपर्यंत कुंडीच्या मातीवर वेल्डेड जाळीचा तुकडा आडवा ठेवला की पुरतं.

बागायतदारांची व्यथा मोठी आणि तिच्याकडं शहरी वाचकाचं लक्ष सहसा जात नाही. मार्च उजाडला की मराठवाड्यात, सोलापुरात, नाशिक-जळगावकडच्या बागांत सकाळी फेरी मारताना शेतकऱ्याला नको तिथं ओल दिसते. जवळ गेल्यावर ठिबकच्या नळीला दातांचं भोक. एका ओळीत पाच-सहा भोकं असली तर पुढच्या झाडांना पाणी पोचत नाही. भोक पडलेला तुकडा कापून जॉइनर टाकायचा, आणि दुसऱ्या दिवशी चार हात पुढं पुन्हा तेच. नळीत पाणी आहे हे खारीला कळतं आणि मऊ प्लॅस्टिक दातांना हवंच असतं. एप्रिलमध्ये शिवारात दुसरीकडं कुठं थेंब नसतो तेव्हा हा त्रास शिगेला पोचतो. अनेक शेतकऱ्यांनी स्वतःच शोधलेला उपाय आहे: बागेत ठरावीक अंतरावर, झाडाच्या बुडाशी, मडक्याची खापरं किंवा कापलेले डबे ठेवून रोज सकाळी त्यांत पाणी भरायचं. दिवसभराची मजुरी आणि जॉइनरचा खर्च पाहता हे पाणी स्वस्त पडतं. त्यानं सगळी भोकं थांबत नाहीत, कारण रात्री उंदीरही नळ्या कुरतडतात. पण कडक उन्हाळ्यातला मोठा वाटा कमी होतो, असं ते सांगतात.

खार आणि उंदीर यांचं नुकसान वेगळं ओळखता आलं तर उपायही वेगळा करता येतो. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेनं कोकोच्या बागांत केलेल्या निरीक्षणांत फरक स्पष्ट आहे. उंदीर कोकोचं बोंड देठाजवळ पोखरतो, खार मधोमध. शिवाय खार पिकलेल्या बोंडाच्या मागं असते. त्यामुळं तिथला सल्ला औषधाचा नसून काढणीचा आहे: बोंड पिकलं की लगेच उतरवा, झाडावर ठेवू नका. नारळावर उंदीर चढू नये म्हणून बुंध्याला पत्र्याचा पट्टा ठोकण्याची रीत आहे. एकट्या झाडावर तो चालतो. पण झावळ्या एकमेकींना भिडल्या असतील तर खार एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर जाते, तिला बुंध्याशी काही देणंघेणं नसतं. झाडांमध्ये अंतर ठेवून झावळ्या वेळच्या वेळी काढल्या तरच पट्ट्याचा उपयोग.

घराला लागून आलेल्या फांद्यांचंही तसंच आहे. आंब्याची फांदी बाल्कनीच्या कठड्याला टेकली असेल तर सगळ्या फटी बुजवूनही खार गच्चीत येणारच. फांदी छाटावी, पण शहरात स्वतःच कुऱ्हाड उचलू नये. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांसाठी कायदा आहे आणि छाटणीला महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

कोकणात आणि सह्याद्रीच्या कुशीत बागेवर येणारा दुसरा पाहुणा शेकरू. लांबी शेपटीसह मीटरभर, वजन दीड-दोन किलो. पट्टेदार खारीच्या पंधरा-वीसपट. कोवळ्या शहाळ्याला भोक पाडून ते खोबरं खातं आणि बागायतदार हैराण होतो. पण शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, भीमाशंकरचं अभयारण्य त्याच्यासाठीच ओळखलं जातं, आणि त्याला मारणं किंवा पकडणं हा गुन्हा आहे. शेकरूनं नुकसान केलं तर वनखात्याकडं जाणं हाच मार्ग. उंच झाडांच्या एकमेकांत गुंतलेल्या शेंड्यांशिवाय ते जगू शकत नाही. बागेत ते वारंवार येऊ लागलं असेल तर आसपासची कुठली राई तुटली, हेही एकदा पाहून यावं.

पट्टेदार खार पकडून लांब सोडून द्यायची, हा मार्ग फार जणांना दयाळू वाटतो. पिंजऱ्यात शेंगदाणे ठेवायचे, खार अडकली की स्कूटरवरून टेकडीपलीकडं न्यायची, दार उघडायचं, आणि हलकं मन घेऊन घरी यायचं. पुढं काय होतं? अमेरिकेत मेरीलँडमध्ये संशोधकांनी हेच मोजलं. वस्तीतून पकडलेल्या ३८ करड्या खारी त्यांनी जंगलात सोडल्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ८८ दिवसांत ३७ खारी एकतर मेल्या किंवा बेपत्ता झाल्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास करड्या खारींचा आहे, पण कारणं कुठल्याही खारीला लागू पडतात. नव्या जागी पाणी कुठं, लपायला पोकळी कुठं, शिक्रा कुठून येतो, हे तिला माहीत नसतं, आणि तिथल्या खारी तिला थारा देत नाहीत. मागं तिची पिल्लं राहिली असतील तर तीही जातात. इकडं घरी फट आणि फळ दोन्ही तशीच असल्यानं महिन्याभरात दुसरी खार हजर होते.

कायदाही इथं आड येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दात सापळ्यात धरणंही येतं. उंदीर, कावळे, फलाहारी वटवाघळं यांना जेव्हा या कायद्यात उपद्रवी ठरवलेलं होतं, तेव्हाही त्या यादीत खार नव्हती. पंचरेषी खार तर बराच काळ चौथ्या अनुसूचीत संरक्षित होती. २०२२च्या दुरुस्तीनं अनुसूच्या नव्यानं मांडल्या गेल्या आहेत, तेव्हा खारीला पकडण्याचा विचार मनात आला तर आधी वनखात्याला विचारावं. चिकट गोंदाच्या पट्ट्यांची गोष्ट त्याहून गंभीर. उंदरासाठी लावलेल्या पट्टीवर खार, पाल, चिमणी चिकटते आणि तासन्‌तास जिवंत सोलली जाते. भारतीय पशुकल्याण मंडळानं या पट्ट्यांविरुद्ध सूचना काढल्या आहेत आणि अनेक राज्यांनी त्यांच्यावर बंदी घातली आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा वेगळाच. विषाचं तर नावही काढू नये. रक्त गोठू न देणारं उंदराचं औषध खाल्लेली खार लगेच मरत नाही. दोन-तीन दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरते आणि मांजर, शिक्रा किंवा गव्हाणी घुबड तिला सहज उचलतं. जे घुबड त्या घरातले उंदीर संपवत होतं तेच अशा वेळी बळी पडतं.

परदेशातला सल्ला जसाच्या तसा उचलण्यात एक धोका आहे. इंग्लंडमध्ये करडी खार मुळात परकी. १८७६ मध्ये चेशरमधल्या हेन्‍बरी पार्कमध्ये ती उत्तर अमेरिकेतून आणून सोडली गेली, आणि पुढं तिच्या अंगावरच्या विषाणूनं आणि तिच्या भुकेनं तिथली मूळची तांबडी खार बहुतेक इंग्लंडमधून हद्दपार झाली. ती झाडांच्या साली सोलते. म्हणून तिथं पकडलेली करडी खार पुन्हा सोडणं बेकायदा आहे आणि मारण्याचे सल्ले खुलेपणानं दिले जातात. आपली खार इथलीच, वजनानं त्या खारीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी, आणि तिच्या अंगावर असा कुठलाही आरोप नाही. हीच पंचरेषी खार मात्र ऑस्ट्रेलियात पोचली तेव्हा परकी ठरली: १८९८ मध्ये ती पर्थच्या प्राणीसंग्रहालयात आणली गेली, आवाराबाहेर निसटली आणि आजही पर्थच्या काही भागांत टिकून आहे. आपल्याकडं ती काटेसावरीच्या फुलांतला मध पिते, तोंडाला परागकण लागलेल्या अवस्थेत पुढच्या फुलावर जाते आणि झाडाला फळ धरायला मदत करते. पक्ष्यांची अंडी खाते, हेही खरं. पण बुलबुल, साळुंकी आणि खार या देशात एकाच झाडावर हजारो वर्षं राहत आली आहेत.

खारीला रोज हातानं बिस्किट किंवा शेंगदाणे खिलवणाऱ्या घरांतून तक्रारी जास्त येतात, हे कुणाला आवडणार नाही पण सांगावं लागतं. माणसाच्या हाताची भीती गेलेली खार खिडकीतून आत येते, ओट्यावरचा पाव उचलते, आणि खाऊ मिळाला नाही की बोट चावते. चावली तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. खारीत रेबीज जवळपास आढळत नाही, पण धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील. पाणी ठेवणं वेगळं. उथळ परातीत पाणी, घरापासून दूर, बागेच्या कोपऱ्यात, रोज बदललेलं. त्यानं खार घराकडं ओढली जात नाही, उलट बाहेरच थांबते.

पेल्मेटमागून घरटं पडलं आणि पिल्लं आत निघाली तर काय करायचं, हे मात्र घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावं. पिल्लांना गाईचं दूध पाजू नये. ते त्यांना पचत नाही आणि बहुतेकदा त्यानंच ती दगावतात. अंग गार पडलं असेल तर हाताच्या ऊबेत किंवा कोमट पाण्याच्या बाटलीभोवती कापड गुंडाळून आधी ऊब द्यावी. मग बुटांच्या खोक्यात जुनं घरटं जसंच्या तसं मांडून त्यात पिल्लं ठेवावीत आणि खोका मूळ जागेच्या जवळात जवळ, मांजराला पोचता येणार नाही अशा उंचीवर ठेवून खिडकी उघडी सोडावी. घरच्यांनी खोलीतून बाहेर पडावं. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते ही समजूत खरी नाही. तिला आधीच दुसरी जागा हेरून ठेवण्याची सवय असते. संध्याकाळपर्यंत ती आली नाही तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. पुण्या-मुंबईत जखमी आणि अनाथ वन्यप्राण्यांवर उपचार करणारी केंद्रंही आहेत. पण बहुतेक वेळा ती येते. आधी कठड्यावर बसून शेपटी झटकत बराच वेळ चिप-चिप करते, दोनदा आत डोकावून परत जाते. मग एका पिल्लाला तोंडात धरते, ते तिच्या मानेभोवती गोळा होऊन बिलगतं, आणि ती पाइपावरून खाली उतरून समोरच्या झाडावर चढते. थोड्या वेळानं दुसऱ्यासाठी परत येते.